तांबं, लोखंड आणि मधला कागद

(कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समुद्र बघायला आपल्याला घाट उतरावा लागतो. तरी मी समुद्राचा विषय घेतलाय, समुद्री कासवांच्या टॅगला द्यायच्या रंगाचा, कारण तो खरं तर धातूचा आहे. उद्यमनगरातल्या कारखान्यांतले चेहरे समोर दिसतायत. धातूबद्दल तुम्हाला मी काय सांगणार!

२०२२च्या जानेवारीत कोकणातल्या वेळासला अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग, म्हणजे ती कुठं आहे ते उपग्रहाला कळवणारी डबी, चिकटवला. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली दुसरी मादी बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे आपल्याला कळलं ते पाठीवरच्या एका छोट्या डबीमुळे. समुद्रात त्या डबीवर आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग बार्नॅकल, म्हणजे घट्ट चिकटून बसणारे कवचवाले छोटे जीव. म्हणून तिला बोटीच्या तळाला देतात तो तांबं मिसळलेला रंग देतात. घरची सिमेंटची टाकी हिरवी होते, तांब्याच्या घागरीत शेवाळ धरत नाही, तसंच हे.

आता १७६१ सालात चला. साल ऐकल्यावर तुमच्या मनात पानिपत आलं, माझ्याही येतं. त्याच साली इंग्रज आरमारानं 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर तो इलाज होता. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं आणि १७६३ मध्ये तळ तपासला. किड्यांनी हात लावला नव्हता, पण काही पत्रे सुटले होते, कारण ते लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले आणि ते खिळे पार खाऊन गेलेले. तरी काही खिळे मात्र धडधाकट! पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि कामगारांनी तो कागद सगळीकडून काढला नव्हता. जिथं तांबं नि लोखंड यांच्यामध्ये कागद राहिला, तिथं लोखंड टिकलं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि लोखंड झिजतं. व्होल्टा या शास्त्रज्ञाची पहिली बॅटरी आली १८०० साली. त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी ही गोष्ट एका कागदाच्या तुकड्यानं दाखवून दिली होती. मला हा कागद फार आवडतो.

माझ्याकडे एकदा चाचणीसाठी एक टॅग आला, कुणाकडून ते सांगत नाही. रंगकाम देखणं, एक ओघळ नाही. पण बाजूचे धातूचे दोन ठिपकेही रंगवून टाकलेले! ते दोन ठिपके म्हणजे टॅगचं बटण. खाऱ्या पाण्यातून त्यांच्यामध्ये वीज वाहिली की टॅगला कळतं आपण बुडालोय, मग तो गप्प राहतो. कासव श्वासाला वर आलं, ठिपके हवेत आले की तो उपग्रहाला हाक मारतो. ठिपके रंगाखाली गेले तर त्याला कायम कोरडंच वाटतं. पाण्याखालीही ओरडत बसतो आणि बॅटरी संपवतो. उलट, ठिपक्यांवर ओलं शेवाळ बसलं तर कायम बुडालेलाच, म्हणजे कायम मुका. कासव जिवंत असतं नि आपण इकडे तर्क करतो, जाळ्यात सापडलं असेल. याचं मला फार वाईट वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

डबी पॉलिश पेपरनं हलकी घासा, पुसा. ठिपके, दाबाचा सेन्सर, सौर पट्टी असेल तर ती, अँटेनाचं बूड, सगळ्यावर मास्किंग टेप. मग धातूच्या भागाजवळ आधी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर. तांबं नि टॅगचा धातू यांच्यामधला हाच आपला कागद. त्यावर तांब्याचा रंग, पातळ दोन हात. जाड थर नको, कासवाला तेवढंच ओढत न्यावं लागतं. टेप रंग कडक व्हायच्या आत सोलायची, नाहीतर कड तुटते. कथिलाचं संयुग असलेला जुना रंग कुणी देऊ केला तर घेऊ नका; २००८पासून जहाजांवरही त्याला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. कवचाला रंगाचा थेंबही लागता कामा नये. रंगकाम टेबलावरच, टॅग चिकटवण्याच्या आधी, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच टॅग किनाऱ्यावर न्यायचा. टेप सोलल्यावर भिंग घेऊन ते दोन ठिपके पुन्हा बघा.