बांबू गावाचा, पास कुणाचा?

(दृश्य: पहाट. बांबूचं रान. दूर कुठेतरी कुऱ्हाडीचा ठोका.)

गडचिरोली म्हटलं की बातम्यांत बंदुका दिसतात. याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, जेमतेम शंभरेक घरांचं एक गोंड गाव आहे. मेंढा. शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वनखात्याशी या गावाचं बरीच वर्षं वाजलं. पण सारं बसून, बोलून.

(दृश्य: सतरंजीवर गोल करून बसलेली माणसं.)

इथे बसायच्या जागा दोन. एक अभ्यास गट. तिथे कुणीही यावं, बाहेरच्या जाणकारानंसुद्धा. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र याच गटात बसायचे. कायदा वाचायचा, वाद घालायचा. ठरवायचं मात्र काही नाही. ठरवणार ग्रामसभा, तीही सर्वसहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एकाचं जरी मन मानलं नाही, तरी विषय पुढच्या सभेला. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तोच विषय पुन्हा पुन्हा चघळताना कंटाळाही येत असणार! पण एकदा ठरलं की ‘मी तर नको म्हणत होतो’ म्हणायला गावात कुणी उरत नाही. अशा गावाला फोडायचं कसं?

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांची ही घोषणा. सरकार दोन्हीकडे आपलंच, हे त्यातलं विसरू नये.

(दृश्य: बांबूच्या मोळ्या.)

२००९ साली वनहक्क कायद्यानं सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू अडलाच. १९२७ चा वन कायदा बांबूला झाड मानायचा. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणारा माल; त्यावर हक्क गावाचा. खातं जुन्याला चिकटून. बांबू गावाचा, पण वाहतुकीचा पास खात्याचा. पासाशिवाय विकत घेणारा माल नेणार कसा? गावानं कायद्याचं कलम पुढे धरलं आणि बोलणं सोडलं नाही.

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: बांबूला गौण वनोपजच माना. २७ एप्रिलला ते स्वतः मेंढ्यात आले, सोबत महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

(दृश्य: बांबूनं भरलेला ट्रक गावाबाहेर निघतो.)

आता ट्रकसोबतच्या पासावर सही ग्रामसभेची.