जेनिफर केंडल : फिरत्या कंपनीतून जुहूच्या गल्लीत

जेनिफर केंडल यांच्या चित्रपटांची यादी एका दमात वाचून होते. 'बॉम्बे टॉकी', 'जुनून', '36 चौरंगी लेन', 'हीट अँड डस्ट', 'घरे बाइरे'. आणखी दोन-चार छोट्या भूमिका धरल्या तरी ती फारशी लांबत नाही. 28 फेब्रुवारी 1933 रोजी इंग्लंडमधल्या साउथपोर्टला जन्मलेल्या आणि नाटकातच वाढलेल्या या अभिनेत्रीला पडद्यावर मिळालं ते एवढंच. पण यातल्या एका भूमिकेत त्यांचं सगळं आयुष्य येऊन बसलं आहे. ती समजून घ्यायची, तर आधी त्यांच्या वडिलांच्या कंपनीत जायला हवं.

वडील जेफ्री केंडल, आई लॉरा लिडेल. दोघंही नट. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसमोर नाटकं करायला ते हिंदुस्थानात आले, इथलेच झाले, आणि पुढे 'शेक्सपिअराना' ही आपली कंपनी घेऊन देशभर फिरले. आज एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा, उद्या कॉन्व्हेंट शाळेचं सभागृह. 'हॅम्लेट', 'ऑथेल्लो', 'मॅकबेथ', मध्येच बर्नार्ड शॉ. जून 1953 ते डिसेंबर 1956 या काळात त्यांनी 800हून अधिक प्रयोग केले. आपल्या संगीत नाटक कंपन्या बिऱ्हाडं पाठीशी बांधून गावोगाव जायच्या, तसाच हा संसार. उत्पल दत्त तरुणपणी याच कंपनीत होते.

जेनिफर या कंपनीच्या नायिका. रोज नवं गाव, नवा रंगमंच, आणि शेक्सपिअरचं नावही न ऐकलेली मुलं समोर बसलेली. त्यांच्यापर्यंत ओळ पोचवायची तर शब्द चावून चालत नाही, की ओरडूनही चालत नाही. त्यांची वाणी घडली ती अशी.

1956 च्या सुमारास पृथ्वी थिएटर्समधला एक अठरा वर्षांचा मुलगा त्यांना भेटला. शशी कपूर. जेनिफर त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. पुढे शशीही शेक्सपिअरानात काम करू लागला. जेफ्रींना हे लग्न पसंत नव्हतं. मुलगी जाणार होती, आणि तिच्याबरोबर कंपनीची नायिकाही. 1958 च्या जुलैमध्ये लग्न झालं.

त्यानंतर मुंबई, तीन मुलं आणि घर. 1965 साली 'शेक्सपिअरवाला' आला. सिनेमापुढे हरत जाणाऱ्या एका इंग्रजी नाटक कंपनीची ही गोष्ट केंडल कुटुंबाच्याच अनुभवावर बेतलेली होती. आई-वडिलांनी त्यात कामं केली, शशी कपूर नायक झाले, मुलीची भूमिका धाकट्या बहिणीने, फेलिसिटीने केली. जेनिफर त्यात अगदी थोडा वेळ दिसतात, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नावही नाही. मला ही गोष्ट आजही टोचते.



शशी यांचे वडील पृथ्वीराज कपूर यांनी जुहूला एक जागा भाडेपट्ट्याने घेतली होती. पृथ्वी थिएटर्स या आपल्या कंपनीला हक्काचं नाट्यगृह असावं, ही त्यांची इच्छा. 1972 मध्ये ते गेले. शशी आणि जेनिफर यांनी ती जागा मिळवली आणि वास्तुरचनाकार वेद सेगन यांच्याकडून तिथे 'पृथ्वी' हे छोटं नाट्यगृह उभारून घेतलं. दोनशेच्या आसपास खुर्च्या. मंच प्रेक्षकांत घुसलेला, तिन्ही बाजूंनी माणसं. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केला तर तो नटाच्या जागेत जाईल. इथे कुजबुजही शेवटच्या रांगेला ऐकू येते, आणि खोटा सूरही. आयुष्यभर परक्या सभागृहांत काम केलेल्या नटीला काय हवं असतं, ते या वास्तूत शिरल्यावर कळतं.

5 नोव्हेंबर 1978 ला पडदा उघडला, असं म्हणायची सवय आहे आपल्याला, पण इथे दर्शनी पडदा नाहीच. पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी त्यात होते. मराठी लेखणीतून उतरलेलं नाटक, आणि ते खेळलं गेलं एका इंग्रज बाईने उभ्या केलेल्या रंगमंचावर!

त्याच वर्षी 'जुनून' आला. 1857 च्या धामधुमीत मुलीला पाठीशी घालणारी आई, मरियम. वेशभूषाही जेनिफर यांचीच.

आणि मग 1981. अपर्णा सेन यांचा दिग्दर्शनातला पहिला चित्रपट, '36 चौरंगी लेन'. मिस व्हायोलेट स्टोनहॅम, कोलकात्यातली अँग्लो-इंडियन शिक्षिका. वर्गात शेक्सपिअर शिकवते, घरी सोबतीला मांजर. वृद्धाश्रमातल्या तिच्या भावाचं काम केलं खुद्द जेफ्री केंडल यांनी. जेनिफर तेव्हा पन्नाशीलाही पोचल्या नव्हत्या, पण त्यांची चाल बघा. पावलं आखडलेली, मान किंचित पुढे, आणि कुणी दोन शब्द गोड बोललं की चेहऱ्यावर उजळणारा तो अधीर आनंद.

नाताळच्या रात्री ती केक घेऊन एका तरुण जोडप्याच्या दारी जाते. आम्ही गावात नसणार, असं त्यांनी सांगितलेलं असतं. खिडकीतून आत पार्टी दिसते. ती आल्या पावली परत फिरते. रिकामा रस्ता, मागे एक भटकं कुत्रं. आणि ती त्याला शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या ओळी ऐकवते: माझी थट्टा करू नका, मी एक खुळा, भाबडा म्हातारा आहे. लिअरचं दुःख आपण मराठी माणसं 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडून ऐकत आलो. इथे ते जवळजवळ पुटपुटल्यासारखं येतं. टाळ्या मागणारं त्यात काही नाही. शाळांच्या सभागृहांत हजारदा कानावरून गेलेल्या ओळी, या वेळी ऐकायला फक्त एक कुत्रं.

ब्रिटनमध्ये या भूमिकेसाठी बाफ्ताचं नामांकन मिळालं आणि 'इव्हनिंग स्टँडर्ड'चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही.

हातात वेळ मात्र थोडा होता. सत्यजित राय यांच्या 'घरे बाइरे'मधली मिस गिल्बी ही शेवटच्या भूमिकांपैकी एक. 7 सप्टेंबर 1984 रोजी लंडनमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय 51.

पुढे अनेक वर्षं 28 फेब्रुवारीला, त्यांच्या वाढदिवशी, उस्ताद झाकीर हुसेन पृथ्वीत येत राहिले. तिन्ही बाजूंना दाटीवाटीने बसलेली माणसं, मधोमध तबला, आणि हाताच्या अंतरावर पहिली रांग.