जॉन यंग: चंद्रावरची केबल आणि शटलचा फ्लॅप

नमस्कार मंडळी,

चांद्रवीर म्हटलं की आपली गाडी आर्मस्ट्राँगच्या पुढे सहसा जात नाही. आज जॉन यंग यांच्याविषयी बोलू. जन्म १९३०चा, जॉर्जिया टेकचे इंजिनिअर, नौदलातले चाचणी वैमानिक. १९६२ला नासात आले आणि जेमिनी, अपोलो, शटल या तिन्ही यानांतून उडालेले ते एकमेव अंतराळवीर ठरले.

एप्रिल १९७२मध्ये अपोलो १६चे कमांडर म्हणून ते चार्ली ड्यूक यांच्यासह चंद्रावरच्या डेकार्ट या डोंगराळ भागात उतरले. तीन फेऱ्यांत मिळून वीस तास बाहेर काम, सुमारे ९६ किलो दगडमाती. पण एक प्रयोग पहिल्याच दिवशी गेला. चंद्राच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते हे मोजण्यासाठी ड्यूक ड्रिलने भोक पाडत होते. तिथून मुख्य पेटीकडे जाणारी केबल यंग यांच्या पायात अडकली आणि जोडणीपाशीच तुटली. चंद्रावर गुरुत्व एक षष्ठांश. गुंडाळून नेलेली केबल जमिनीला चिकटून बसत नाही, तिचे वेढे उभेच राहतात. त्यात छातीवरच्या नियंत्रण पेटीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि फुगलेल्या पोशाखात काही ओढलं गेल्याचं जाणवतही नाही. हा दोष माणसाच्या पायापेक्षा जोडणीच्या रचनेचा, असं मला ठामपणे वाटतं.

१२ एप्रिल १९८१ला बॉब क्रिपेनसह त्यांनी कोलंबिया या शटलचं पहिलं उड्डाण केलं. आधी एकही मानवरहित चाचणी झालेली नव्हती! घन इंधनाची रॉकेटं पेटताच उठलेली दाबाची लाट परतून शेपटीखालच्या फ्लॅपवर, म्हणजे हलत्या पट्टीवर, आदळली आणि तो मर्यादेपलीकडे वाकला. हे तेव्हाच कळलं असतं तर आपण इजेक्ट झालो असतो, म्हणजे आसनासकट यानाबाहेर पडलो असतो, असं यंग नंतर म्हणाले. पुढच्या उड्डाणापासून त्या रॉकेटांच्या झोताखाली पाणी सोडायला सुरुवात झाली.

१९८३मध्ये, यंग यांच्या सहाव्या आणि शेवटच्या उड्डाणात, परतीच्या तयारीतच दोन संगणक बंद पडले. उतरणं काही तास लांबवून त्यांनी यान सुखरूप आणलं. उतरतेवेळी मागच्या भागात हायड्रॅझिन हे इंधन गळून आग लागली होती, हे नंतरच्या तपासणीत कळलं.

१९८६च्या चॅलेंजर शटलच्या दुर्घटनेनंतर त्यांनी सुरक्षेतल्या उणिवांवर वरिष्ठांना रोखठोक टिपणं लिहिली. १९८७मध्ये अंतराळवीर कार्यालयाच्या प्रमुखपदावरून त्यांना हलवण्यात आलं. टिपणं मात्र थांबली नाहीत. ४२ वर्षांच्या नोकरीनंतर, २००४च्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले.