माळी की प्रभू

नमस्कार मंडळी. उद्या ईस्टर, येशू कबरेतून उठला तो दिवस. काल उत्तम शुक्रवारची, म्हणजे येशूला क्रूसावर खिळलं त्या गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना झाली, तो क्रूसावर बोलला ती सात वाक्यं झाली, आणि हो, कालसुद्धा मला चार जणांनी 'हॅप्पी गुड फ्रायडे' पाठवलंच. अहो, दुखवट्याच्या घरी कुणी हॅप्पी म्हणतं का? असू द्या, फॉरवर्ड करणाऱ्याला वाचायला वेळ कुठं असतो.

तर ईस्टर. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आम्ही जालन्याचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून आपलं घर ख्रिस्ती, असं आजी सांगायची, रोजच सांगायची. ईस्टरला आमची पहाटेची उपासना कब्रस्तानात. आदल्या दिवशी कबरी झाडायच्या, चुना मारायचा आणि पहाटे मेणबत्त्या लावायच्या. त्या वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ गॅसबत्ती घेऊन पुढं, आजी गुडघे धरत मागं. फाटकापाशी बत्तीला धक्का लागला आणि मेंटल, म्हणजे आतली उजेड देणारी जाळी, गळून पडलं, झाली ना बत्ती बंद. पण मिट्ट काळोख नव्हता, कारण २१ मार्चला किंवा त्याच्या पुढं येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळं पहाटे चंद्र आकाशात असतोच. त्या उजेडात बघतो तर दोन कबरींच्या मधून पांढरं काहीतरी सरळ उठून बसलं!

भाऊ ओरडला, 'उठला! उठला!' मी एक चप्पल तिथंच टाकून पळत सुटलो. आणि मागून आवाज, 'आरं ए बंड्या, काहून बोंबलायलास? मी हाय!'

कबरी खणणारा म्हातारबा होता. झाडांना पाणीही तोच घालायचा, बोगनवेल तोच छाटायचा. घरचे पत्रे रात्रभर तापलेले, म्हणून उन्हाळ्यात तिथंच धोतर पांघरून झोपायचा. तोंड मला दिसलंच नव्हतं. त्यानं नाव घेतलं आणि कळलं. नाव घेतलं तेव्हा कळलं, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणारे.

मग मंडळी जमली, पाळकांनी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढला. येशूची शिष्या मरिया मग्दालिया त्याच्या कबरेपाशी रडतीये, येशू समोर उभा आहे आणि तिला वाटतं हा बागेचा माळी असेल. एवढं वाचलं आणि आजीला जे हसू फुटलं, पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी थांबेना. म्हणाली, 'तिनं परभूला माळी समजलं, आन आमच्या पोट्ट्यांनी माळ्याला परभू!' पाळकांनी पण पुस्तक मिटलं, डोळे पुसले. म्हातारबा फाटकाला टेकून दात काढत उभा.

आता अर्थाचं बोलायला मिनिट-दोन मिनिटंच उरलीत. मरियेला तो चेहऱ्यावरून नाही ओळखू आला, 'मरिये' म्हणाला तेव्हा कळलं. नाव घेतलं तेव्हा कळलं. आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत तर शेवट असाय की बाया घाबरून कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. म्हणजे चप्पल टाकून पळणारा मी एकटाच नाही. ज्यांच्या साक्षीवर पुढं अख्खी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली त्यासुद्धा आधी घाबरल्याच होत्या. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात स्पष्टच लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेशही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. आणि तोच ख्रिस्ताला म्हणतो, झोपी गेलेल्यांतलं पहिलं फळ. आपण शेतकरी माणसं, पहिलं कणीस हाती आलं की मागचं शेत येणार हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मेलेल्यांना नाही म्हटलं, झोपी गेलेल्यांना म्हटलं बघा. इंग्रजीतल्या सेमेटरीचा मूळ ग्रीक अर्थही झोपायची जागा. आमचा म्हातारबा तर तिथं खरंच झोपायचा आणि हाक ऐकून उठायचा.

आजी आता त्याच कब्रस्तानात आहे, बोगनवेलीपासून तिसरी. तिच्या कबरीला काल चुना मारून आलोय, हाताला अजून वास येतोय. स्टुडिओतून खूण व्हायलीय, थांबतो. उद्या पहाटे चारला निघायचंय, गॅसबत्ती आता कुठं मिळते, मोबाईलचा टॉर्च घेऊन जाईन.