जुना पॉड जाताना

आजचा जाहीर विषय कुबरनेटिसमधल्या (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेतल्या) प्रोब्जचा, म्हणजे ॲप ठीक आहे का हे बघणाऱ्या तपासण्यांचा आहे, त्याकडे येतोच. पण आधी बरेच दिवस मनात घोळतंय ते बोलून घेतो. डिप्लॉय, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती चढवणं म्हटलं की आपण सगळे नव्या पॉडकडे, म्हणजे ॲपचा कंटेनर ज्यात चालतो त्या एककाकडे डोळे लावून बसतो. इमेज आली का, रनिंग दिसतंय का? जुना पॉड कसा गेला, ते कोणी बघत नाही.

आमच्या एका सर्व्हिसच्या दर रिलीजला मूठभर रिक्वेस्ट ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची एरर घेऊन परत यायच्या. नेटवर्कवाल्यांशी भांडून झालं, लोड बॅलन्सरची सेटिंग्ज बदलून झाली. एका रात्री मी नुसता पॉड्सच्या यादीला वॉच लावून बसलो. जुना पॉड टर्मिनेटिंग झाला आणि तसाच राहिला. घड्याळ लावलं: ३० सेकंद. पुढचा पॉड, पुन्हा ३०. हा आकडा कुणाच्या ओळखीचा आहे? बरोबर, ग्रेस पीरियडचा, म्हणजे पॉडला बंद व्हायला मिळणाऱ्या मुदतीचा डीफॉल्ट. म्हणजे सिगटर्म, ‘आवरून बंद हो’ हा सिग्नल, जात होता, पण ऐकणारं कोणी नव्हतं, आणि शेवटी सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने मारणारा सिग्नल बसत होता.

तोच कंटेनर लॅपटॉपवर डॉकर स्टॉपने थांबवला. तिथला डीफॉल्ट १० सेकंदांचा. तेवढेच लागले आणि एक्झिट कोड आला १३७. १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिलचा क्रमांक. आता शंकाच उरली नाही. आमचं ॲप एक शेल स्क्रिप्ट सुरू करत होती, त्यामुळे पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस होता शेल. सिग्नल तिथेच अडायचा. ॲपमध्ये नीट बंद होण्याचा कोड कुणीतरी मन लावून लिहिला होता, तो एकदाही चालला नव्हता! याचं मला आजही वाईट वाटतं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीआधी ‘एक्झेक’ हा एक शब्द घातला, शेलच्या जागी ॲपच आलं, आणि सिग्नल थेट त्याला मिळू लागला.

तरी एरर पूर्ण थांबले नाहीत, आता ते सुरुवातीलाच येऊ लागले. कारण सिगटर्म जाणं आणि एंडपॉइंट्सच्या, म्हणजे ट्रॅफिक कुठे पाठवायचं त्या पत्त्यांच्या यादीतून पॉडचं नाव निघणं, ही दोन कामं एकाच वेळी चालतात. एक दुसऱ्यासाठी थांबत नाही. ॲपने दार लावलं तरी काही नोड (क्लस्टरमधल्या मशीन) त्याच्याकडेच ट्रॅफिक पाठवत असतात. प्रीस्टॉपमध्ये, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या टप्प्यात, ५ सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) घातला, तेव्हा ५०२ बंद झाले. मात्र हे ५ सेकंद त्या ३० मधूनच जातात, हिशेब धरून ठेवा.

वेळ संपत आलीय, तेव्हा प्रोब्ज भराभर सांगतो. रेडिनेस फेल झाली तर ट्रॅफिक थांबतं, लाइव्हनेस फेल झाली तर कंटेनर रीस्टार्ट होतो. लाइव्हनेसमध्ये डेटाबेस तपासू नका. डीफॉल्टला दर १० सेकंदांनी तपासणी, सलग ३ अपयश की रीस्टार्ट. डेटाबेस अर्धा मिनिट अडखळला तर सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतील. ॲप उठायला वेळ घेत असेल तर स्टार्टअप प्रोब लावा. रोलिंग अपडेटमध्ये, म्हणजे पॉड थोडे थोडे बदलताना, किती पॉड कमी चालतील आणि किती जास्त, हे दोन्ही आकडे डीफॉल्टला २५ टक्के, म्हणजे ४ रेप्लिका (पॉडच्या प्रती) असतील तर कमीत कमी ३ उपलब्ध आणि जास्तीत जास्त ५. रेडिनेस लिहिलीच नसेल, तर कंटेनर सुरू होताच पॉड तयार मानला जातो आणि हे ३ नुसते कागदावर राहतात.

उद्या कामावर गेलात की आपल्या सर्व्हिसचा एक पॉड स्टेजिंगवर (चाचणीच्या वातावरणात) डिलीट करा आणि तो जायला किती सेकंद घेतो ते मोजा. बरोबर ३० भरले, तर आधी ॲप सुरू करणारी ती स्क्रिप्ट उघडा.