जुलैत कागद वाळत नाही

मंडळी, पावसातून आलात, बरं वाटलं. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर छत्र्या बसल्यात आणि मागे माणसं उभी आहेत, तेवढं जरा बघा. विषय छापलाय तो असा: निसर्गाचा माणसाच्या भावनांवर होणारा परिणाम चित्रात कसा आणायचा. माझी ओळख करून देण्यातच बराच वेळ गेलाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. निदान यायचा प्रयत्न करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की भावना रंगवायला जाऊ नका, हवा रंगवा. विद्यार्थी विचारतात, ‘सर, उदास संध्याकाळ कशी काढायची?’ मी विचारतो, वारा कुठून होता? जमीन ओली होती का? उजेड ढगाखालून येत होता की ढगातून? हे सांगता येत नसेल, तर ती उदासी संध्याकाळची नव्हे, तुमच्या निकालाची असेल.

कोल्हापुरात हे सांगायला लागू नये. चित्रकार आबालाल रहिमान आपल्या गावचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिले, रंकाळा, कोटितीर्थ या तळ्यांचाच परिसर रंगवत बसले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं सांगतात. सांगणारा प्रत्येक जण चित्रांचा आकडा थोडा वाढवतो, म्हणून मी आकडा सांगत नाही. त्या गोष्टीत रमणारे पुष्कळ, पण उरलेली चित्रं बघायला टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाणारे किती? हात वर करा. ...राहू दे, खाली घ्या. मोजायला नको.

आता एक किस्सा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही. एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडं रंकाळ्याचं चित्र मागितलं. नाव सांगत नाही, तुम्ही तिथं जेवला असाल. मोठं चित्र, स्वागतकक्षात लावायचं. म्हणाला, ‘पावसातला रंकाळाच पाहिजे सर, लोकांना फील आला पाहिजे.’ मी खूश. भर आषाढात काठावर बसून स्केचेस केली. शालिनी पॅलेसकडची बाजू पावसात पार पुसून गेलेली, पाण्याला शिशाचा रंग, काठाला केंदाळ, आणि भेळेची एकुलती एक गाडी ताडपत्री ओढून उभी. चित्र नेलं. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, फील आला.

म्हणाला, ‘झकास झालंय सर. फक्त ढग जरा पांढरं करा की.’

पावसातले ढग, पांढरे! बरं म्हटलं. मग म्हणाला केंदाळ काढा, गिऱ्हाईक जेवायला येतं. काढलं. मग त्याचे वास्तुवाले आले. पाणी ईशान्येला पाहिजे, आणि भिंत तर नैऋत्येची. एवढा तलाव उचलून नेता येईना, तेव्हा चित्रच जिन्याखाली नेलं. आणि शेवटी वहिनी आल्या नि म्हणाल्या, ‘एक सूर्य टाकला असता तर पॉझिटिव्ह वाटलं असतं.’ सूर्य टाकला नाही. चित्र अजून जिन्याखाली आहे, शेजारी पाण्याचे जार असतात. पैसे निम्मे मिळाले, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

हसताय, पण मला त्यातलं एक खटकतं. काळा ढग म्हणजे वाईट, हे त्या माणसाला कुणी शिकवलं? त्याचे वडील शेतकरी. त्यांनी असाच ढग बघून बियाणं काढलं असेल. आणि आपल्याच गावात त्याच ढगाचा अर्थ बदललाय, हेही खरं. पूर्वी पंचगंगेला पाणी आलं की पोरंबाळं घेऊन आपण ‘पाणी बघायला’ जायचो, कणसं खात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. तेव्हापासून रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की लोक उठून मोबाइलवर फूट बघतात. पाऊस तोच, ऐकणारा कान बदलला. चित्रकारानं हे दोन्ही पाऊस ओळखले पाहिजेत. काव्य-नाटकांतल्या रसांच्या शास्त्रानं निसर्गाला उद्दीपन, भावना चेतवणारी गोष्ट, म्हटलं, म्हणजे नायिकेच्या विरहाला फोडणी द्यायला ढग. माझं त्याच्याशी भांडण आहे, पण...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ बरं. मूळ व्याख्यान आता सुरू होतं.

एक तर कागद. एप्रिलमध्ये जोतिबाच्या डोंगरावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ ओला थर, दिला की बघता बघता वाळतो आणि कडा कडक येतात. ऊन डोळ्याला टोचतं तसंच चित्रात टोचतं. जुलैत तोच कागद वाळायचं नाव घेत नाही. रंग एकमेकांत शिरतात, कडा विरघळतात, झाड कुठं संपलं नि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही. पावसाळ्यात मनाचं काय होतं ते कागदानं तुमच्याआधी करून ठेवलेलं असतं. त्याला हेअर ड्रायर लावू नका! राखाडी रंग ट्यूबमधून घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यात मिसळू द्या, दाणे खाली बसतात, तोच आपला ढग.

दुसरं, नोंद. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकारानं १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या आकाशाचे अभ्यास केले आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. ‘मन भरून आलं’ असं लिहीत बसला नाही. आणि आकाश हेच निसर्गचित्रात भावनेचं मुख्य इंद्रिय, असं म्हणणारा माणूसही तोच.

तिसरं, हे सगळं मनाचे खेळ म्हणणाऱ्यांसाठी. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकानं अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि तीव्र वेदनाशामकं त्यांना कमी लागली. अभ्यास छोटा होता, फार ताणू नका. पण दवाखान्यात लावायला चित्र मागितलं, तर भिंतीचं देऊ नका.

दुसरी चिठ्ठी. यात ‘चहा’ एवढंच लिहिलंय. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर बसणार आहोत, पाऊस असला तरी. कागद जाड आणा, छत्री कागदावर धरा. तुम्ही भिजलात तरी चालेल.