पेट्रोलचा वास येतो, पण गळती सापडत नाही: शोध कुठून सुरू करावा?

नमस्कार. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला की बहुतेक जण लगेच बॉनेट उघडतात किंवा खाली वाकून ओल शोधू लागतात. त्याआधी वास नेमका केव्हा येतो, हे दोन दिवस लक्षपूर्वक पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते.

टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल आणि ती निम्म्यावर आली की थांबत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे पेट्रोल भरण्याच्या नळीच्या रबरी होजमध्ये किंवा पंपाच्या सीलमध्ये असण्याची शक्यता अधिक. थंड इंजिन सुरू करताना वास येऊन इंजिन तापल्यावर तो जात असेल, तर इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) ओ-रिंग, म्हणजे जोडावरच्या रबरी कड्या, पाहाव्यात, कारण जुने, कडक झालेले रबर थंडीत आणखी आखडते. ओल कुठेच नाही, पण इंजिनाचा दिवा लागला आहे आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र) पी०४५५ किंवा पी०४४२ हा कोड दाखवतो, अशा वेळी गळती बाष्पाची समजावी. तिथे सर्वप्रथम टाकीचे झाकण आणि त्याचे रबर तपासावे. एवढ्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून थेट कॅनिस्टर (टाकीतील वाफ शोषून धरणारा डबा) बदलणे मला उतावीळपणाचे वाटते.

काही गळत्या बाहेर दिसतच नाहीत. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रित करणारा भाग, असेल, तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोल आढळले, तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे. डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर आत गळत असू शकतो.

बाहेरची ओल सापडली, तरी तोच उगम मानू नये. पेट्रोल पाइपच्या कडेने सरकत जाऊन भलतीकडे ठिबकते, म्हणून भाग कोरडा पुसून सर्वांत वरची ओली जागा शोधावी.

दुरुस्तीपूर्वी गाडी मोकळ्या हवेत आणावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटू शकते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे लाइनमधील दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि अग्निशामक जवळ ठेवावा. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब सुमारे ३ ते ४ बार असतो. डायरेक्ट इंजेक्शन (सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी पद्धत) आणि कॉमन रेल डिझेलमध्ये (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात) मात्र तो शेकडो, कधी हजाराहून अधिक बारपर्यंत जातो. त्या बारीक धारेने त्वचा भेदली जाते, त्यामुळे तिथे गळती हाताने चाचपू नये आणि उच्च दाबाच्या जोडण्या घरी खोलू नयेत.

टेप किंवा एपॉक्सी लावून चिरलेली होज वाचवण्याचा मोह टाळावा. इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच होज घ्यावी आणि रबर न कापणारी गुळगुळीत पट्टीची क्लॅम्प वापरावी. नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात देऊन ती बसवावी, अन्यथा ती पिळवटून पुन्हा गळते.

फ्यूज आणि तार जोडल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. किल्ली दोन-तीन वेळा ऑनवर आणून पंपाला दाब भरू द्यावा आणि प्रत्येक जोड तपासावा. मगच इंजिन चालवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तीच तपासणी पुन्हा करावी, कारण ओ-रिंगची गळती बहुधा तेव्हाच उघड होते.